मासा, गाजर आणि उणे १९६

पत्र :

"मॅडम, आम्ही तासगाव भागातले, जैन. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. लग्नाला आठ वर्षं झाली. माझं वय ३३, पीसीओडी (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) आहे. पुढच्या पाळीपासून मिरजेत टेस्ट ट्यूबचे उपचार सुरू करायचे ठरलंय. डॉक्टर म्हणाले, तुमची अंडी जास्त निघतील, पोटात पाणी होण्याचा धोका नको, म्हणून भ्रूण लगेच सोडायचे नाहीत. सगळे फ्रीझ करू आणि महिना-दोन महिन्यांनी सोडू. तिथवर पटलं. नंतर पैशांचं समजावणाऱ्या बाई म्हणाल्या, साध्या फ्रीझिंगशिवाय एक 'प्रीमियम' पण आहे. त्यात बर्फाळ समुद्रातल्या माशांचं अँटीफ्रीझ प्रोटीन असतं, त्यानं भ्रूणाला बर्फ टोचत नाही, २० हजार जास्त पडतील. ह्यांनी तिथंच मान हलवली. घरी आल्यापासून माझी झोप उडालीय. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, चातुर्मासात पालेभाजीसुद्धा खात नाहीत. माशाचं काही माझ्या बाळाच्या अंगात जाणार का? घेतलं तर आत्यांना सांगायचं का लपवायचं? आणि नाही घेतलं आणि भ्रूण गेला, तर जन्मभर वाटत राहील की २० हजारांसाठी घालवला. आत्यांचं तर आणखीच वेगळं. त्या म्हणतात, 'आपण शिळं खात नाही, आणि मूल फ्रीजमधलं आणायचं?' नाव छापू नका. जय जिनेंद्र."

ताई,

आधी पैशांचं सांगते, म्हणजे निदान आज तरी झोप लागेल. ते २० हजार देऊ नका. मालकांनी मान हलवली असली तरी काही बिघडलेलं नाही. सही होईपर्यंत मान किती वेळा हलली याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

माझी हयात प्रयोगशाळेत गेली. भ्रूण गोठवायचे आणि परत जागे करायचे, यातच केस पांढरे झाले. गोठवण्याची जी जी किटं माझ्या हाताखालून गेली, त्यांतल्या एकातही माशाचं प्रोटीन नव्हतं. मग त्या बाई खोटं बोलल्या का? अगदी तसंही नाही. असं प्रोटीन आहे, माशातच सापडलं, आणि त्याची गोष्ट इतकी सुरेख आहे की ऐकताना हात आपोआप पाकिटाकडे जातो. फक्त त्यांनी ती अर्धीच सांगितली. पुरती मी सांगते.

अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो खाडीत समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाच्या आसपास असतं. खारं असल्यामुळे ते गोठत नाही. माशाचं रक्त मात्र समुद्राइतकं खारट नसतं. एरवीच्या माशाचं रक्त उणे पाऊण अंशाच्या आगेमागे गोठतं. म्हणजे त्या खाडीतला मासा पोहता पोहता कडक व्हायला हवा. तो तर मजेत हिंडत असतो. आर्थर डेव्हरीस नावाचा तरुण अमेरिकन संशोधक १९६० च्या दशकात तिथं गेला, त्यानं या माशांचं रक्त तपासलं आणि त्यात त्याला साखर चिकटलेली एक प्रकारची प्रोटीनं मिळाली. १९६९ मध्ये ते छापून आलं. पुढे उत्तरेकडच्या समुद्रांतल्या माशांत, किड्यांत, जिवाणूंत, यीस्टमध्ये, थंडीतल्या गवतांतही तसंच काम करणारी निरनिराळी प्रोटीनं निघाली. १९९८ मध्ये एक गाजरात निघालं. माशापेक्षा गाजर बरं, असं तुमच्या मनात आलं असेल, पण तुमच्या घरी तेही चालायचं नाही. कंदमूळ!

हे प्रोटीन मिठासारखं काम करत नाही. पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बाहेरच्या बर्फात मीठ टाकतो. तिथं जितके कण जास्त, तितकं गोठणं खाली जातं, साधा मोजणीचा मामला. प्रोटीनाचे कण मोजले तर त्याचं काम त्या हिशेबाच्या शेकडो पट निघतं, कारण ते पाण्यात नुसतं फिरत नाही, बर्फाच्या कणाला जाऊन चिकटतं. गादी भरणारा टाके घालतो तेव्हा काय होतं ते आठवा. टाका जागेवर दबलेला राहतो आणि दोन टाक्यांच्या मधे कापूस फुगून वर येतो. बर्फाचंही तसंच होतं. दोन प्रोटीनांच्या मधल्या जागेत तो फुगतो, आणि त्या फुगवट्यावर पाण्याचा पुढचा थर बसणं जड जातं. कण आहे तेवढाच राहतो. त्या माशांच्या अंगात बर्फाचे बारीक कण सापडतात, बरं का. ते वाढत मात्र नाहीत.

आता खरी मेख. माशातल्या प्रोटीनाची ही राखण जेमतेम अंश-दीड अंशाची असते. माशाला तेवढी पुरते, त्याला त्याखाली जायचंच नाही. तुमच्या भ्रूणाला ३७ अंशांवरून थेट उणे १९६ ला जायचंय. राखणीची हद्द ओलांडली की बर्फ वाढतोच, आणि कडेकडेनं प्रोटीन बसलेलं असल्यामुळे तो मोकळ्या राहिलेल्या बाजूनं सुईसारखा लांब वाढतो. बर्फ टोचू नये म्हणून जे घातलं, तेच बर्फाला टोक काढून देतं! कार्पेंटर आणि हॅन्सन या संशोधकांनी १९९२ मध्ये तांबड्या रक्तपेशी गोठवून हे दाखवलं. प्रोटीन थोडं घातलं तेव्हा पेशी जास्त वाचल्या, आणि भरपूर घातलं तेव्हा जास्त मेल्या. त्याच सुमाराला डुकराच्या अंड्यांवर वगैरे प्रयोग होऊन मोठ्या आशेचे निकाल आले होते. नंतर कुणाला जमलं, कुणाला नाही. अजूनही काम चालूच आहे. कोरियात आर्क्टिकमधल्या एका यीस्टचं प्रोटीन उंदराच्या अंड्यांवर आणि अंडाशयावर वापरून पाहिलंय. चांगलं काम आहे, मी आवडीनं वाचते. पण उंदराच्या अंड्यावरून तासगावच्या बाईच्या बिलावर यायला मधे पुष्कळ पायऱ्या असतात.

या प्रोटीनाचा खरा गुण परतीच्या वाटेवर दिसतो. लाईट जाते, डीप फ्रीझरमधली कुल्फी निम्मी वितळते, लाईट येते, ती परत गोठते, आणि दुसऱ्या दिवशी जिभेला खडे लागतात. लहान स्फटिक विरघळून मोठ्यांना जाऊन मिळालेले असतात. प्रोटीन हे मिळणं रोखतं, आणि त्याला फार थोडं लागतं. आइस्क्रीम कंपन्यांच्या हे आपल्याआधी लक्षात आलं. २००९ मध्ये युरोपीय संघानं माशाच्या अशा एका प्रोटीनाला आइस्क्रीममध्ये परवानगी दिली. ते मासे मारून काढत नाहीत. माशाचं जनुक बेकरीच्या यीस्टमध्ये बसवतात आणि यीस्टकडून करून घेतात. त्याला मांसाहार म्हणायचं का, हा प्रश्न माझ्या हाताबाहेरचा, तुमच्या महाराजांपुढे ठेवण्यासारखा आहे.

भ्रूण गरम करतानाही नेमका हाच धोका असतो, म्हणून शास्त्रज्ञांची आशा तिथं आहे. पण त्या कामाला मासाच लागतो असं नाही. कागद चिकटवायच्या गोंदात असतं ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसुद्धा बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. सरळ रसायन, ना माशाचं ना गाजराचं.

मग आम्ही रोज वापरतो ते काय?

खडीसाखर आणि लिमलेटची गोळी, दोन्ही साखरेच्याच. पाक सावकाश निवत ठेवला की खडे धरतात. तोच दाट पाक झटक्यात निवला की खडा धरायला सवड मिळत नाही, आणि काचेसारखी आरपार गोळी होते. पूर्वी भ्रूण खडीसाखरेच्या वाटेनं गोठवायचे, मिनिटाला अंशाचा तिसरा हिस्सा इतक्या धिम्या चालीनं, तासन्‌तास. आता लिमलेटची वाट आहे. तिला आम्ही विट्रिफिकेशन म्हणतो. उंदराच्या भ्रूणांवर ती पहिल्यांदा १९८५ मध्ये जमली आणि गेल्या वीसेक वर्षांत माणसांच्या प्रयोगशाळांत रुळली. तिच्यात बर्फ टोचायचा प्रश्नच काढून टाकलेला असतो, कारण बर्फ होऊच द्यायचा नसतो. जे होऊच देत नाही, त्याला टोचू नये म्हणून वेगळे २० हजार कशाला?

तुमचा भ्रूण पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होईल, शंभराच्या वर पेशींचा, मिठाच्या कणाहून लहान. पहिल्या पातळ द्रावणात तो दहा-पंधरा मिनिटं बसतो. दुसऱ्या द्रावणात इथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ ही बर्फ धरू न देणारी दोन रसायनं, दोन्ही पंधरा-पंधरा टक्के, वर साखर. यातलं इथिलीन ग्लायकॉल म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये कूलंट म्हणून ओततात तेच. घाबरू नका, पण माझा हात का चालतो ते आता कळेल. त्या द्रावणात भ्रूणाला मिनिट, फार तर दीड मिनिट ठेवता येतं. जास्त वेळ राहिला तर औषधच विष होतं. द्रावणात सोडला की तो आकसायला लागतो. हे मी तुम्हाला काय सांगू! शेडमध्ये रॅकवर टाकलेला मणी पाणी सोडतो आणि सुरकुततो, ते तुम्ही दर हंगामाला बघता. तुमच्याकडे त्याला पंधरवडा लागतो, इथं अर्धं मिनिट. बारीक नळीनं त्याला उचलायचं, जेमतेम पाऊण मिलिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्टीवर ठेवायचं, भोवतीचं पाणी परत ओढून घ्यायचं, नुसता ओलावा राहील इतकं, आणि पट्टी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायची. चुर्र असा आवाजही येत नाही, इतकं ते थोडं असतं. या मिनिटात खोलीत कुणी बोलत नाही. टायमर वाजला की मग श्वास.

बेदाण्याचं पुन्हा द्राक्ष होत नाही, भ्रूणाचं होतं. सोडायच्या दिवशी पट्टी नायट्रोजनमधून काढून थेट ३७ अंशांच्या साखरेच्या द्रावणात बुडवतात. इथं तर गोठवण्याहून जास्त घाई, कारण गरम होताना रेंगाळला तर तेवढ्यात बर्फ धरतो, कुल्फीसारखा. मग एकेका पातळ द्रावणातून तो पाणी पिऊन घेतो आणि दोन-तीन तासांत फुगून बसतो. चांगल्या प्रयोगशाळेत शंभरातले नव्वद-पंचाण्णव ब्लास्टोसिस्ट या फेरीतून धडधाकट बाहेर येतात. उरलेले जे जातात, ते बहुतेक मुळातच अशक्त असतात किंवा कुणाचा तरी हात मिनिटभर चुकलेला असतो. हात चुकला तर कुठलंच प्रोटीन त्याला वाचवत नाही. त्यामुळे पैसे वाचवून तुम्ही भ्रूण घालवला, असं मनाला लावून घ्यायला जागाच नाही.

आता घरातलं. तुम्ही मासा ऐकून हादरलात, पण बाकीचं तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. द्रावणात पुष्कळ ठिकाणी माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असतं, रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेलं. अंडी वाढवायची काही इंजेक्शनं पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून शुद्ध करतात. (त्यातलंच दुसरं, प्रयोगशाळेत बनवलेलं इंजेक्शनही मिळतं, ते महाग.) भ्रूण सोडण्याआधी आणि नंतर गर्भ टिकवायला जे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देतात, ते सहसा वनस्पतीपासून तयार होतं, पण त्याच्या मऊ कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. हे सगळं घाबरवायला सांगत नाही. निर्णय घ्यायचा तर पुरतं बघून घ्या, नाहीतर मासा हाकलायचा आणि कॅप्सूल मागच्या दारानं घरात. जिलेटिन नको असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. प्रोजेस्टेरॉनचं जेल असतं, तेलातलं इंजेक्शन असतं. मनानं गोळी बंद करू नका, तेवढं मात्र कराल तर मी रागावेन.

आणि घरातल्या दुधाचंही एकदा आठवून बघा. गाय माजावर आली की नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधून डॉक्टर येतात, वीर्याची कांडी कोमट पाण्यात अर्धं मिनिट धरतात आणि भरतात. त्या कांडीत शुक्राणू गोठताना जपायला सहसा जे घातलेलं असतं, ते अंड्याचा पिवळा बलक. त्याच गायीच्या दुधाचा खरवस आपण देवापुढे ठेवतो. मी कुणाच्या आचाराला हसत नाही. माझ्या आईनं आयुष्यात चामड्याची चप्पल घातली नाही. गोठवणं या प्रकारात कुणाचा ना कुणाचा जीव कुठंतरी कामाला आलेला असतो, आणि रेघ कुठं ओढायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं, एवढंच म्हणते.

बाळाच्या अंगात काय जाईल? भ्रूण सोडण्याआधी तीन-चार थेंबांतून धुऊन निघतो. मिठाच्या कणाहून लहान जीव नऊ महिन्यांत अडीच-तीन किलोंचा होतो, तो सगळा तुमच्या रक्तावर, तुमच्या वरण-भातावर.

आत्यांपासून काय लपवायचं? मासा घ्यायचाच नाही, तेव्हा ती गाठ सुटली. कॅप्सूलचं मात्र मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं, आणि आज नाही, जेल का इंजेक्शन हे ठरल्यावर. "आत्या, कॅप्सूल जिलेटिनची होती, आम्ही दुसरं मागून घेतलं" हे वाक्य घरात सून म्हणून तुम्हाला वर नेईल. नंतर कुण्या नर्सच्या तोंडून कळण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

शिळ्याचं. आत्यांचा प्रश्न मला खरं तर आवडला, कारण त्यांनी गोष्टीच्या मुळालाच हात घातलाय. अन्न शिळं का होतं? ठेवल्या जागी त्यात काहीतरी घडत राहतं, जिवाणू वाढतात, आंबतं, रंग जातो. घरच्या फ्रीजमध्येही ते घडतं, हळूहळू. उणे १९६ ला काहीही घडत नाही. तिथं एक दिवस आणि दहा वर्षं सारखीच. २०२२ मध्ये अमेरिकेत जुळी मुलं जन्मली, ती १९९२ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांतून. तुमचं वय पुढं जाईल, भ्रूणाचं ३३ वरच थांबेल. दुसरं मूल पस्तिशी उलटल्यावर हवं झालं, तरी ते तेहतिशीच्या अंड्याचं असेल.

आणि आत्यांना कोलकात्याच्या दुर्गाची गोष्ट सांगा. ३ ऑक्टोबर १९७८ ला तिचा जन्म झाला, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी. डॉ. सुभाष मुखर्जींनी तिचा भ्रूण आधी गोठवून ठेवला होता, डीएमएसओ वापरून, आणि नंतरच्या पाळीत सोडला. म्हणजे पोटातलं वादळ शमू द्यायचं आणि मग सोडायचं, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच. त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवला नाही. सरकारनं नेमलेल्या समितीनं दावा फेटाळला, बदल्या झाल्या, आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मुंबईत १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या बरोबरीनं ज्यांनी तोवर भारतातलं पहिलं मानल्या गेलेल्या टेस्ट ट्यूब बाळाचं काम केलं, त्याच डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखर्जींच्या वह्या वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की भारतात पहिला मान त्यांचा. स्वतःच्या डोक्यावरचा मान उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारी माणसं आमच्या धंद्यात थोडी. तर फ्रीजमधलं मूल हे काल-परवाचं खूळ नाही, आत्या तरुण असल्यापासूनचं आहे.

एक खरं मात्र लपवत नाही. गोठवलेला भ्रूण सोडल्यावरच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा त्रास ताज्यापेक्षा थोडा जास्त दिसतो, आणि बाळ जरा वजनदार होऊ शकतं. तुमच्यासारख्या पीसीओडीवाल्यांना तरी फ्रीझ करणंच हिताचं, पोटात पाणी होणं ही थट्टा नव्हे. फक्त दिवस राहिल्यावर दर भेटीत बीपी मोजून घ्या, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना 'फ्रोजन होता' हे आवर्जून सांगा.

त्या २० हजारांच्या बदल्यात आता सेंटरमध्ये जाऊन फुकटचे प्रश्न विचारा. प्रीमियमचं काय, असं नका विचारू. किटाचं माहितीपत्रक दाखवा म्हणा, घटक त्यावर छापलेले असतात. प्रोटीन खरंच लिहिलेलं असेल तर पुढचा प्रश्न एवढाच : ते वापरून माणसांची किती बाळं जन्मली, आणि न वापरता किती? उत्तर इकडचं तिकडं व्हायला लागलं की तुम्हाला कळेलच. मग विचारा, गोठवणारे कोण, रोज तेच असतात का बाहेरून येतात, आणि गेल्या वर्षी गरम केलेल्या शंभर ब्लास्टोसिस्टमधले किती वाचले. हा आकडा प्रत्येक जागरूक प्रयोगशाळेकडे तयार असतो. माझ्या मते कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्याला जास्त मोल आहे. टेस्ट ट्यूब उपचारांच्या २०२१ च्या कायद्याखाली सेंटरची नोंदणी आहे ना, तेही बघा.

नायट्रोजन कोण आणि कधी भरतं, हेही विचारा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, सांगलीत लाईट नाही, रस्ते बंद, आणि मला फोनवर फोन : "मॅडम, लाईट नाही, आमचे भ्रूण वितळले काय हो?" टँकला वीज लागतच नाही. तो एक मोठा थर्मास असतो, नायट्रोजन हळूहळू उडत जातो आणि तो वरून भरावा लागतो. आमचे टँक वरच्या मजल्यावर होते आणि पूर यायच्या आधी भरलेले. तरी मी रोज कंदिलाच्या उजेडात मापाची पट्टी घालून बघत होते. काळी प्लास्टिकची पट्टी टँकच्या तळाला टेकवायची, थोडं थांबायचं, बाहेर काढून हवेत हलवायची. नायट्रोजन होता तिथपर्यंत तिच्यावर पांढरं दव धरतं, जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठच्या गवतावर धरतं तसं. मग फुटपट्टी लावायची आणि वहीत आकडा लिहायचा. ती वही बघायला मागा. दाखवली तर निर्धास्त राहा. हसून टाळलं तर जरा विचार करा.

संमतीपत्र घरी आणून वाचा. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. त्यानंतर, किंवा तुमच्यापैकी कुणाचं बरंवाईट झालं तर, त्यांचं काय करायचं हे त्यात आधीच लिहून द्यावं लागतं. तो रकाना लोक कोरा सोडतात किंवा नर्सला भरायला सांगतात. तो तुम्ही दोघांनी बसून भरा. वर्षाची ठेवणावळ किती, आणि भरायची राहिली तर कळवणार कसं, तेही लिहून घ्या. भ्रूण गोठले की स्क्रीनवरचा फोटो मागा, बहुतेक सेंटरं देतात. मागे एका आजींना मी असा फोटो दाखवला होता. चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच? हा तर भिजलेला साबुदाणा." पुढचे दोन महिने सुनेला त्याच विचारायच्या, साबुदाणा कसा आहे म्हणून.

शेवटचं एक, हे कुणी आधी सांगत नाही. भ्रूण सोडायच्या दिवशी सकाळी तुम्ही वाटेत असताना प्रयोगशाळेतून फोन येऊ शकतो : पहिला नीट फुगला नाही, दुसरा काढू का? त्या वेळी पाच मिनिटंही नसतात. तेव्हा काढायचा की नाही, आणि एक सोडायचा की दोन, हे तुम्ही दोघं डॉक्टरांशी बोलून आदल्या आठवड्यातच ठरवा आणि फाइलवर लिहून द्या. त्या दिवशी मालकांना शेडवर पाठवू नका, तिथं रेंज मिळत नाही. आणि फाइलवर तुमच्या नंबराखाली आत्यांचाही नंबर लिहून ठेवा.